प्रयोग सुरू झाले की चेहरा बिघडतो: रंगभूषेतला पुन्हा पुन्हा येणारा त्रास आणि त्याचा माग

तालमी नीट पार पडतात. रंगीत तालीम होते, पहिला प्रयोग रंगतो आणि आठवडाभरात एकाच्या हनुवटीवर पुळ्या येतात, दुसरीचे डोळे चुरचुरायला लागतात, मिशी लावणाऱ्याच्या नाकाखाली लाल चट्टा उमटतो. "हा मेकअप मला सोसत नाही" असं म्हणून बेसचा डबा बदलला जातो. नवा डबा दोन-चार प्रयोग चालतो आणि मग पुन्हा तेच.

डबा बदलूनही त्रास परत येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचं मूळ डब्यातल्या रंगात नसतं. रंग डब्यातून निघतो, कोणाच्या तरी बोटाला, स्पंजाला, ब्रशाला लागतो, चेहऱ्यावर काही तास घामात राहतो आणि शेवटी कशाने तरी पुसला जातो. या वाटेत कुठे गडबड असेल तर ती महागातल्या महाग डब्यालाही गाठते. म्हणून खरेदीच्या आधी ही वाट तपासायची. रंगभूषा शिकणाऱ्याला छाया-प्रकाश, सुरकुत्या, जखमा हे सगळं मन लावून शिकवलं जातं. डब्यातून रंग कसा घ्यायचा हे मात्र "त्यात काय शिकायचं" म्हणून राहून जातं. माझ्या मते पहिला धडा तोच असायला हवा.

आधी विचारा: कधी, कुठे, कोणाला

या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा. अंदाजाने बोलू नका, कारण त्रास झालेला माणूस नेहमी शेवटच्या नव्या वस्तूवर बोट ठेवतो आणि ती बऱ्याचदा निर्दोष असते.

कधी? रंग लावताच किंवा तासाभरात आग, चुणचुण, लाली आली तर ती बहुधा थेट जळजळ आहे. त्वचा आधीच सोललेली असेल, दाढी नुकतीच केली असेल किंवा पदार्थ तीव्र असेल तर असं होतं, आणि ते कोणालाही होऊ शकतं. खरी ॲलर्जी सहसा उशिराने बोलते. खाज आणि पुरळ एक ते तीन दिवसांनी येतं. शनिवारच्या प्रयोगाची ॲलर्जी सोमवारी दिसली की लोक रविवारी लावलेल्या साबणाला दोष देतात, ते यामुळेच. आणि पुळ्या, मुरुम, पांढऱ्या बारीक गाठी हळूहळू, काही आठवड्यांत साचत आल्या असतील, तर रोमछिद्रं बुजणं हे कारण जास्त संभवतं.

कुठे? चेहऱ्यावरची जागा खूप काही सांगते. पुरळ नेमकं मिशी-दाढीच्या जाळीच्या (खोटे केस ज्यावर गुंफलेले असतात तिच्या) कडेने आलं असेल तर संशय गोंदावर किंवा तो काढण्याच्या पद्धतीवर घ्यायचा. कपाळावर केसांच्या रेषेत आणि कानशिलांवर असेल तर टोपाची पट्टी, तिच्यात मुरलेला घाम किंवा केस रंगवायचा पदार्थ. नुसत्या पापण्या सुजत-खाजत असतील तर डोळ्यांचा मेकअप तपासाच, पण नखंही पाहा. पापणीची त्वचा शरीरात सगळ्यांत पातळ असते आणि नेलपॉलिशची किंवा खोट्या नखांच्या गोंदाची ॲलर्जी बोटांजवळ न दिसता पापणीवर दिसू शकते, कारण हात दिवसभर डोळ्यांना लागत असतो. गाल आणि हनुवटीवर विखुरलेल्या पुळ्या असतील तर स्पंज, पफ आणि अर्धवट धुतलेला चेहरा. कपाळभर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ते मुरुम नसून रोमछिद्रांमधल्या बुरशीचा प्रकार असू शकतो. त्यावर मुरुमांसाठीची प्रतिजैविकं चालत नाहीत, उलट त्रास वाढवू शकतात.

कोणाला? एकालाच होत असेल तर त्या माणसाची त्वचा, त्याची भूमिका, त्याचं सामान पाहायचं. एकाच आरशासमोर बसणाऱ्या दोघा-तिघांना लागोपाठ होत असेल तर काहीतरी हातोहात फिरतंय. तिथे ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवा आणि सामायिक वस्तूंची यादी करा.

सामायिक डबा

साधारण दहातल्या तीन माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू कुठलाही त्रास न देता राहत असतो. तोच सोललेल्या त्वचेत शिरला की गळू, पिकलेल्या पुळ्या, पिवळ्या खपल्या होतात. माणूस धडधाकट दिसतो, म्हणून त्याने वापरलेला स्पंज स्वच्छ ठरत नाही. ओठांवरचा हर्पीस तर फोड नसतानाही कधीकधी लाळेतून पसरू शकतो. कंपनी डब्यात परिरक्षकं (रंग खराब होऊ नये म्हणूनची द्रव्यं) घालते खरी, पण ती साधारण वापराच्या हिशोबाने घातलेली असतात. दहा चेहऱ्यांवरून फिरलेला ओला स्पंज रोज त्यात बुडेल, हे तिथे धरलेलं नसतं.

रंगाचा प्रकारही महत्त्वाचा. निव्वळ तेल-मेणाच्या ग्रीसपेंटमध्ये पाणी नसतं, त्यामुळे जिवाणू तिथे सहसा वाढत नाहीत, पण टिकू शकतात आणि पुढच्या चेहऱ्यावर पोचू शकतात. पाण्याने ओला करून लावायचा पॅनकेक किंवा पाण्यातले रंग यांची गोष्ट वेगळी. त्यांत आपणच पाणी घालतो, वर झाकण घट्ट लावतो आणि डबा पेटीत बंद करतो. ओल, ऊब आणि कोणाच्या तरी त्वचेचा कचरा, एवढं मिळाल्यावर बुरशीला आणखी काही नको असतं. पॅनकेक वापरून झाला की वरचा थर टिशूने टिपून डबा उघडाच ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर झाकण लावा. पाणी रोज ताजं घ्या, उकळून गार केलेलं असेल तर उत्तम, आणि वाटी प्रत्येकाची वेगळी ठेवा. ब्रशाचं टोक जुळवायला तो जिभेला लावणं, पावडर उडवायला पफवर फुंकर मारणं या जुन्या सवयी हातात इतक्या मुरलेल्या असतात की करणाऱ्याला कळतही नाही. शेजारच्याने टोकायचं, आणि त्याचा राग मानायचा नाही.

आता नियम. एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: चेहऱ्याला लागलेली वस्तू पुन्हा डब्यात जात नाही.

तो पाळायला दोन साध्या वस्तू लागतात, स्टीलचा स्पॅच्युला आणि स्टीलचं किंवा ॲक्रिलिकचं पॅलेट. डब्यातून लागेल तेवढा रंग स्पॅच्युलाने खरवडून पॅलेटवर घ्यायचा, डबा बंद करायचा आणि मग स्पंज पॅलेटवर फिरवायचा. रंग कमी पडला तर स्पॅच्युला पुसून पुन्हा घ्यायचा, पण स्पंज डब्याकडे न्यायचा नाही. सुरुवातीला हे संथ वाटतं. हात बसला की उलट वेळ वाचतो, कारण दोन रंग पॅलेटवर मिसळून त्वचेची छटा आधीच जुळवता येते, चेहऱ्यावर चाचपडावं लागत नाही. रंगही कमी वाया जातो.

सुटी पावडर मोठ्या डब्यातून प्रत्येकाच्या कागदावर किंवा वाटीत ओतायची, उरलेली परत टाकायची नाही. लिपस्टिकचा वरचा पातळ काप सुरीने काढून पॅलेटवर ठेवायचा आणि ब्रशने लावायचा. पेन्सिल एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना टोक करूनच जाते, आणि शार्पनरचं पातंही पुसायचं असतं, हे सहसा विसरलं जातं. मस्कारा, आयलायनरची बाटली आणि काजळ मात्र कुठल्याही युक्तीने सामायिक होत नाही. मस्काऱ्याची कांडी दर वेळी बाटलीत परत जाते आणि आत ओल असते. नटसंच मोठा असेल तर एकदाच वापरायच्या कांड्या आणा, नाहीतर ज्याचा त्याला.

मंडळ लहान असेल, पैसे मोजके असतील, तरी हे जमतं. बेसचे मोठे डबे, पावडर आणि पॅलेट सगळ्यांचे मिळून असू देत. पफ, स्पंज, डोळ्यांचं आणि ओठांचं सामान प्रत्येकाच्या नावाच्या पिशवीत. पिशवी कापडी किंवा जाळीची हवी. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओला स्पंज टाकला की आपण पुन्हा पहिल्याच अडचणीवर येतो.

अल्कोहोलवर किती भरवसा ठेवायचा

सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त कडक म्हणून जास्त चांगलं, असं नाही. सत्तर टक्क्यांच्यात थोडं पाणी असल्याने ते लवकर उडत नाही आणि जिवाणूंची प्रथिनं बिघडवायला त्या पाण्याची मदतच होते. स्पॅच्युला, पॅलेट, शार्पनर, चिमटा, कात्री आधी पुसून स्निग्धपणा काढा, मग अल्कोहोल लावा आणि आपोआप वाळू द्या. लावून लगेच कोरडं पुसलं तर फारसं काही साधत नाही.

पण अल्कोहोल पृष्ठभागापुरतं आहे. क्रीमच्या डब्यावर फवारा मारून आतला रंग शुद्ध होत नाही. संशय आला तर वरचा थर खरवडून फेका आणि खालचा पुसा. वास, रंग किंवा पोत बदलला असेल तर डबाच फेका. स्पंजाच्या छिद्रांत तो फवारा धड पोचत नाही. आणि डोळे येण्याच्या साथीमागे बहुतेक वेळा असणारा ॲडिनोव्हायरस आयसोप्रोपिलला सहज दाद देत नाही, शिवाय कोरड्या वस्तूंवर कित्येक दिवस टिकतो. म्हणून डोळे आलेल्या नटाचा मस्कारा, काजळ, लायनर, पापण्यांचे खोटे केस, डोळ्यांचा स्पंज हे सगळं टाकून द्यायचं. "पुसून ठेवलंय" हे तिथे पुरत नाही. डोळे पूर्ण बरे होईपर्यंत त्याच्या डोळ्यांना काही लावायचं नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला काजळ नसल्याचं कळणारही नाही.

अल्कोहोल आणि स्पिरिट गम (मिशी-दाढी चिकटवायचा गोंद) दोन्ही पेट घेतात. तापलेले दिवे, इस्त्री, केस कुरळे करायचं यंत्र, काडी यांच्यापासून ती लांबच असावीत. रंगपटात कपड्यांची आणि टोपांची किती दाटी असते हे वेगळं सांगायला नको.

शिकणाऱ्यांचा चेहरा जास्त का बिघडतो

हे मी वारंवार पाहिलेलं आहे: अनुभवी नटापेक्षा रंगभूषा शिकणाऱ्या मुलामुलींची त्वचा जास्त खराब असते. स्वच्छतेत ते कमी पडतात असं नाही. ते एकाच बैठकीत सुरुवातीची सुरकुती पुसतात, पुन्हा काढतात, पुन्हा पुसतात. दर वेळी टिशूने घासलं जातं. तासाभरात त्वचेचा वरचा थर इतका दुखावतो की नेहमीचा निर्धोक रंगही झोंबायला लागतो. मग "ॲलर्जी" हा शब्द येतो.

सरावासाठी चेहरा एकदाच वापरा. हात बसवायला हाताचा पुढचा भाग, जाड कागदावर काढलेला चेहऱ्याचा आराखडा किंवा गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा घ्या. कड विरघळवणं, रेषा एका बाजूला धारदार ठेवून दुसऱ्या बाजूला धूसर करणं, हे सगळं तिथे पक्कं होतं. चेहऱ्यावर बसताना काय करायचं ते ठरलेलं असू द्या. वय वाढवायचं असेल तर आधी स्वतःचा चेहरा आक्रसून पाहा: कपाळ वर उचला, डोळे बारीक करा, हनुवटी आत घ्या. घडी जिथे पडते तिथेच छाया द्या आणि तिच्या लगत फुगणाऱ्या भागावर प्रकाश. नुसती तपकिरी रेघ ओढली तर पहिल्या रांगेला ती रेघच दिसते, आणि मग ती पुसण्याची वेळ येते. चुकलं तरी लगेच पुसू नका. बरीचशी चूक त्वचेच्या रंगाचा थोडा बेस वर थोपटून झाकता येते.

दुसरं कारण प्रकाशाचं. खोलीतल्या आरशात बरोबर दिसलेला चेहरा मंचावर सपाट दिसतो, मग पुढच्या वेळी दुप्पट रंग चढतो. दिव्यांचा रंग विचारल्याशिवाय मात्रा वाढवू नका. लाल प्रकाशात गालांची आणि ओठांची लाली विरून जाते. हिरव्या प्रकाशात तीच लाली करडी किंवा काळपट होते, चेहरा आजारी दिसतो. ही अडचण जास्त रंग लावून सुटत नाही, छटा बदलून किंवा प्रकाशयोजनाकाराशी बोलून सुटते. रंगीत तालमीत कोणालातरी मधल्या रांगेत बसवून चेहरे पाहायला सांगा.

बेस घसरतो, फुटतो, ओघळतो

हा त्वचेच्या त्रासापेक्षा वेगळा प्रश्न वाटतो, पण तो सुटला नाही की नट विंगेत उभं राहून वरचेवर रंग थापत राहतो आणि तिथूनच सगळी घाण सुरू होते.

बेस घसरत असेल तर तो ओल्या किंवा तेलकट त्वचेवर चढवला आहे. चेहरा सौम्य क्लीन्झरने धुवा, हलकं मॉइश्चरायझर लावा आणि ते मुरेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा. दाढी शक्यतो आदल्या रात्री करा, किमान काही तास आधी. ताज्या ओरखड्यांवर गोंद आणि रंग लागला तर आग होणारच.

बेस फुटत असेल तर थर जाड आहे. जुन्या काळी रंगाच्या कांड्या कडक असत, थर जाड बसे आणि चेहरा हलला की तडे जात. कॅमेऱ्यापुढे ते चालेना म्हणून मॅक्स फॅक्टर या हॉलिवूडच्या रंगभूषाकाराने १९१४ मध्ये पातळ, क्रीमसारखा ग्रीसपेंट तयार केला. त्यातलं तत्त्व आजही तेच आहे: दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा जास्त झाकतात आणि जास्त टिकतात. पहिला थर थोपटून बसवा, पावडरीने दाबा, मग जिथे गरज आहे तिथेच दुसरा. पावडर घासायची नाही. पफ दुमडून त्यात ती मुरवायची, दाबत दाबत लावायची, मिनिटभर थांबायचं आणि सैल उरलेली मऊ ब्रशने झटकायची. क्रीमवर पावडर, पावडरीवर क्रीम नाही. हा क्रम उलटला की गोळे होतात.

घाम आला की तो टिपा. टिशूचा एक पदर दाबून धरा आणि उचला. ओल्या चेहऱ्यावर पावडर मारली तर तिचा लगदा होतो आणि पफही ओला होतो. मग तोच ओला पफ पुढच्या अंकात, पुढच्या प्रयोगात. विंगेतल्या टेबलावर प्रत्येकाचा पफ नावाने ठेवा आणि सोबत टिशू, बाजूला झाकणाची कचरापेटी.

रंग उतरवणं

प्रयोग संपला, माणसं भेटायला आली, बस थांबली आहे, भूक लागली आहे. अशा वेळी ओल्या वाइपने चेहरा ओढून-ताणून पुसला जातो आणि उरलेलं "घरी गेल्यावर". माझ्या पाहण्यात गालांवरच्या आणि हनुवटीवरच्या पुळ्यांचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. रंग लावायला जसा वेळ राखून ठेवता तसा उतरवायलाही ठेवा. वीस मिनिटं पुरतात.

आधी हात धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या पहिल्या काढा (घालताना उलट: लेन्स आधी, रंग नंतर). तेल-मेणाचा रंग पाण्याने किंवा साबणाने एकदम सुटत नाही, तो तेलानेच सुटतो. क्लीन्झिंग बाम किंवा तेल कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हातांनी फिरवा. रंग विरघळून वाहायला लागेपर्यंत जोर लावायचा नाही. टिशूने अलगद उचला, पुन्हा एकदा तेच करा, मग सौम्य फेसवॉश आणि पाणी. नाकपुड्यांच्या खाचा, केसांची रेषा, कानांमागे, जबड्याखाली रंग राहतोच. पांढऱ्या टिशूवर काही उमटेनासं होईपर्यंत थांबू नका. डोळ्यांवर डोळ्यांच्या मेकअपच्या रिमूव्हरने भिजवलेला कापूस अर्धा मिनिट धरून ठेवा आणि मग खाली ओढा, मागेपुढे घासू नका. टॉवेल ज्याचा त्याचा. रंगपटातल्या खिळ्यावरचा सगळ्यांचा टॉवेल आजच काढून टाका.

स्पिरिट गम हा राळ अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला असतो. मिशी ओढून काढली की तिच्याबरोबर त्वचेचा थरही येतो. गोंदाचा रिमूव्हर ब्रशने जाळीच्या कडेला लावा, तो आत झिरपू द्या, कड आपणहून सुटली की मग उचला. त्वचेवर उरलेला चिकटपणा त्याच रिमूव्हरने काढा आणि चेहरा धुवा, कारण रिमूव्हर तसाच राहिला तरी झोंबतो. जाळीवरचा जुना गोंदही प्रत्येक प्रयोगानंतर काढायचा असतो, नाहीतर कालचा घाम आणि रंग आज पुन्हा ओठावर बसतो. द्रव लेटेक्समध्ये (चेहऱ्यावर लावायच्या पातळ रबरात) अमोनिया असतो. तो डोळ्यांजवळ झोंबतो, आणि भुवयांवर किंवा दाढीच्या खुंटांवर लेटेक्स लागला तर केसांसकट निघतो.

ब्रश, स्पंज, पफ

ब्रश कोमट पाण्यात सौम्य साबणाने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. केस खाली ठेवून धुवा आणि आडवे किंवा केस खाली करून वाळवा. उभा ठेवला की पाणी धातूच्या नळीत उतरतं, आतला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात. अनेकांवर वापरला जाणारा ब्रश दोन चेहऱ्यांच्या मध्ये स्वच्छ झालाच पाहिजे. ते शक्य नसेल तर ब्रशांची संख्या वाढवा. पफ प्रत्येक प्रयोगानंतर धुवा आणि उन्हात किंवा वाऱ्यावर पूर्ण वाळवा. म्हणजे प्रत्येकाकडे दोन हवेत. स्पंज स्वस्तातले घ्या आणि लवकर टाका. दाबल्यावर कुबट वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर तो धुण्याच्या पलीकडे गेलेला आहे.

डोळ्यांपुरतं वेगळं

मस्कारा आणि द्रव लायनर उघडल्यापासून तीन महिन्यांत टाका, संपलं नसलं तरी. सुकलेल्या मस्काऱ्यात पाणी किंवा थुंकी घालून तो ओला करणं म्हणजे डोळ्यात जंतू नेऊन ठेवणं. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काजळ भरू नका. तिथे तेलग्रंथींची तोंडं असतात, ती बुजली की रांजणवाडी येते. मंचावरून आतली कड दिसतही नाही. पापणीच्या केसांच्या मुळाशी बाहेरून दिलेली रेघ जास्त लांबून उठून दिसते. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ नको. तिच्या कडा बुबुळाला ओरखडा काढू शकतात. "विषारी नाही" असं लिहिलेला चित्रकलेचा रंगही चेहऱ्यासाठी बनवलेला नसतो.

बाकीच्या डब्यांवर उघड्या डब्याचं छोटं चित्र आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने. उघडल्याची तारीख डब्याच्या बुडाला लिहा, झाकणावर नको, कारण झाकणं अदलाबदल होतात.

हे सगळं करूनही त्रास राहिला तर

मग ॲलर्जीचा विचार खरोखर करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बेस, गोंद आणि रिमूव्हर एकदम बदलले तर बरं वाटलं तरी कशाने ते कळणार नाही. बेससारखी त्वचेवर राहणारी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला, रोज त्याच जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज किंवा पुरळ आलं तर ती बाद. रिमूव्हर, साबण यांसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंची अशी चाचणी करू नका, त्या साध्या जळजळीनेही लाली आणतात. मोठ्या डब्यातून रंग लहान डब्यांत भरून घेत असाल तर मूळ वेष्टनावरच्या घटकांच्या यादीचा फोटो ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांचे छोटे नमुने पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि त्या वेळी व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही आणि घाम गाळायचा नाही, म्हणून ही चाचणी प्रयोगांच्या आठवड्यात ठेवू नका. सुगंधी द्रव्यं, काही परिरक्षकं, रबर आणि राळ यांची ॲलर्जी त्यात सापडू शकते. घरात पडून असलेलं स्टिरॉइडचं मलम मधल्या काळात चेहऱ्याला लावू नका. लाली दोन दिवसांत बसते, पण वापरत राहिलं की त्यातूनच मुरुम येतात, त्वचा पातळ होते आणि बुरशीचा आजार असेल तर तो झाकला जाऊन पसरतो.

पिवळ्या खपल्या, पसरत जाणारी गरम लाली, ताप, ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा झुपका, डोळ्यात दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी रंग नाही आणि डॉक्टरांकडे लगेच. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालयात.

राळेची ॲलर्जी निघाली तर स्पिरिट गम कायमचा बंद, पण दाढी-मिशीची भूमिका सोडावी लागत नाही. ॲक्रिलिकचे आणि सिलिकॉनचे त्वचेसाठीचे गोंद मिळतात, त्यांना त्यांचाच रिमूव्हर लागतो. नवा गोंद राळविरहित असल्याची यादीवरून खात्री करा. तो कोपराखाली, जाळीच्या छोट्या तुकड्यासह, प्रयोगाइतका वेळ लावून पाहा आणि पुढचे तीन दिवस ती जागा बघत राहा. राळ काही चिकटपट्ट्यांतही असते, तेव्हा मायक्रोफोनची तार गालावर किंवा मानेवर चिकटवणाऱ्या माणसालाही हे सांगून ठेवा.